अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून

व्यासपीठावर खुर्च्या चार आणि पाहुणे पाच झाले, तर सूत्रसंचालकाने आपली खुर्ची द्यायची असते. मग कार्यक्रमभर उभं राहायचं आणि चेहरा असा ठेवायचा, की उभं राहणं ही आपलीच आवड आहे. हे मला कुणी शिकवलं नाही. पायांनी शिकवलं.

पोटासाठी मी स्वारगेटजवळच्या एका पतपेढीत नोकरी केली. तिच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, आणि तिथल्या खातेदारांचंही माझ्याविषयी तेच मत असावं. माझं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. पुण्यात कुठे ना कुठे रोज कुणीतरी भाषण करत असतं आणि दोन भाषणांच्या मध्ये एक मोकळी जागा राहते. ती जागा मी चाळीसेक वर्षं भरली. मोबदला म्हणून शाल आणि नारळ मिळायचा. नारळ घरात संपले. शाली संपेनात, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, त्या पेठेतल्या इतर मंडळांना सत्कारासाठी द्यायला सुरुवात केली. एका कार्यक्रमात त्यातलीच एक फिरून माझ्या खांद्यावर आली. घरी आल्यावर सुमन म्हणाली, "डाग गेला का बघा. मागच्या वेळी तुम्हीच पाडला होतात."

संपादकांनी निरोप पाठवला आहे, "गमतीजमती लिहा, हलकंफुलकं असू द्या." लिहितो. पण एका प्रसंगाची एक आवृत्ती आमच्या भागात गेली सात-आठ वर्षं फिरते आहे आणि ती दुरुस्त करण्याजोगा माणूस आता मीच उरलो आहे. त्या आवृत्तीत मी फार चांगला दिसतो. त्यामुळे ती चुकीची असेल, अशी शंका यायला मला वेळ लागला.

आधी धंदा सांगतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, सूत्रसंचालक म्हणजे गोड आवाज. आवाजाचं काम थोडं. मुख्य काम माणसं थांबवण्याचं. वक्ता "शेवटचा मुद्दा" म्हणाला की तो निम्म्यावर आला आहे असं समजायचं. पहिल्यांदा चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी वाचून तो खिशात ठेवतो. मग पाण्याचा पेला नेऊन ठेवायचा. तो पाणी पितो आणि ताजातवाना होतो. मग घंटा. घंटेलाही दाद दिली नाही, तर पुष्पगुच्छ घेऊन त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. गुच्छ दिसला की श्रोते टाळ्या वाजवतात आणि टाळ्यांपुढे भले भले वक्ते हरतात.

दुसरं काम परिचयाचं. त्यात मी तरबेज होतो असं सगळे म्हणायचे, आणि मी अडवत नसे. एका निवृत्त प्राध्यापकांनी आपला परिचय इतका लांब पाठवला होता, की मी विचारलं, "सर, यातलं थोडं कमी करू का?" ते म्हणाले, "हवं तर माझं भाषण कमी करा." दुसरे एक गृहस्थ, शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावचे जुने जमीनदार. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "माझं काय सांगायचं हाय? नाव घ्या आन् बसवा." एवढ्यावर माझं भागेना. मी म्हटलं, "मातीशी नाळ न तुटलेलं हे व्यक्तिमत्त्व." कार्यक्रमानंतर ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाऊ, बोलला झ्याक. पर माती कुठली ऱ्हायली आता? तिच्यावर चार बिल्डिंगा हायत माझ्या."

हा किस्सा मी पुढे शंभर ठिकाणी सांगितला आणि लोक हसले. त्यातून मी स्वतः काही शिकायला हवं होतं, हे मात्र कधी सुचलं नाही. कारण असं की माझ्याकडे साचे तयार असत. प्राध्यापक आला की "व्यासंगी". गावाकडचा आला की "मातीशी नाळ". आणि तिसरा साचा होता तो माझा सर्वांत आवडता, "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून". हा ठेवणीतला. तो म्हणताना मी आवाज किंचित खाली आणायचो.

तो कुणासाठी ठेवलेला होता, हेही सांगायला हवं. शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात आमची व्याख्यानमाला चाले. वक्ते आणि श्रोते सगळे एकमेकांच्या लग्नाला गेलेले. आडनावं वाचली की जात वेगळी वाचायची गरज पडू नये, असा कारभार. मीही त्यातलाच. पण मी समितीत भांडलो, की दलित-बहुजन समाजातल्या, बाहेरून आलेल्या तरुण माणसांना बोलवा. कार्यवाह बापट कुरकुरले, तरी मी ते करून घेतलं. हे खरं आहे. ते इथे लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही, यावरून माझा स्वभाव वाचकांच्या लक्षात यावा.

अशाच एका वर्षी "शहराचं पाणी" या विषयावर परिसंवाद होता. वक्ते चार. चौथ्या अश्विनी मेश्राम. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, मूळच्या भंडाऱ्याच्या, राहायला वारज्याला, काम जलवाहिन्यांचे आराखडे करण्याचं. वय तिशीच्या आसपास. त्यांचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांनी आपली माहिती चार ओळींत पाठवली होती: पदवी, अनुभव, कुठल्या दोन योजनांवर काम केलं, आणि नाव.

पहिल्या तिघांचा परिचय मी त्यांच्या पदव्या, पुस्तकं आणि पदं सांगून केला. मेश्रामांची पाळी आली, तेव्हा त्यांच्या चार ओळी मी खिशातच ठेवल्या आणि आवाज खाली आणला. म्हणालो, "भंडाऱ्यासारख्या दूरच्या भागातून, अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून, दारिद्र्याशी झुंज देत, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून ही मुलगी आज इथवर आली आहे." कंदील त्यांच्या माहितीत नव्हता. तो माझा. दारिद्र्यही माझंच. सभागृहात टाळ्या झाल्या, त्यातल्या निम्म्या मला होत्या असं मी धरून चाललो.

आता त्या काय बोलल्या ते लिहितो, कारण घोळ तिथेच आहे. आमच्या भागात अजून सांगतात, की त्या बाईंनी भर सभेत परचुऱ्यांची जात काढली, त्यांना ढोंगी म्हटलं आणि ओरडल्या. परचुरे म्हणजे मी. त्या ओरडल्या नाहीत. माइकची उंची नीट केली आणि म्हणाल्या:

"परचुरे सरांनी आपुलकीने ओळख करून दिली, त्याबद्दल आभार. एक दुरुस्ती करते. माझ्या आधीच्या तिघांचं तुम्हाला काम सांगितलं. माझी परिस्थिती सांगितली. परिस्थिती त्यांनाही असेलच. पण ती कुणी विचारत नाही आणि काम तेवढं विचारतात, हा एक विशेषाधिकार आहे. तो आज मलाही हवा होता. आता पाण्याकडे वळते."

एवढंच. आणि त्या पाण्याकडे वळल्या.

मी वळलो नाही. सूत्रसंचालकाचं एक गुपित सांगतो: तो कुणाचंच भाषण ऐकत नाही. वक्ता बोलत असताना तो पुढचं वाक्य जुळवत असतो. त्या दिवशी मी जे जुळवत होतो ते बरंच झणझणीत होतं. शेवटी म्हणालो मात्र एवढंच, "तरुण रक्त आहे, आपण समजून घेऊ." मोठ्या मनाचा म्हणून याच्याही टाळ्या मिळाल्या. त्यांच्या भाषणाला मिळाल्या त्यापेक्षा जास्त.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहा होता. तिथे एक गृहस्थ माझ्यापाशी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. तिसऱ्या रांगेत बसले होते, मला आठवलं. हात जोडून म्हणाले, "साहेब, मी अश्विनीचा बाबा. मी हेडमास्तर होतो जी. रिटायर झालो. आमच्या घरी तशी गरिबी नव्हती. दोन पेपर येत होते. लाइट पण होती. पोरीचं भाषण ऐकाले म्हणून मुद्दाम आलो गाडीनं." आवाजात तक्रार नव्हती. विद्यार्थ्याच्या वहीतली चूक लाल शाईने न गिरवता नुसती बोटाने दाखवावी, तसं सांगत होते.

मी म्हणालो, "हो का? वा, वा." चाळीस वर्षं शब्दांवर जगलेल्या माणसाला त्या वेळी हे चार शब्द सुचले. मग बापटांनी हाक मारली आणि मी सुटलो.

बापट आणि समितीतली मंडळी माझी वाट पाहत होती.

"तुम्हीच दार उघडलं, आणि तुमच्याच अंगावर दार," बापट म्हणाले. "आता पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं, सांगा."

एक जण म्हणाला, "विरोधकांना बोलायची हिंमत नसते यांची. जो पाठीशी उभा राहतो त्यालाच बोलतात. मग कोण उभं राहील?"

"आणि गरिबीची एवढी लाज कशाला वाटावी?" तिसरा म्हणाला. "अभिमान वाटायला हवा."

त्या क्षणी मी एवढंच सांगायला हवं होतं, की अहो, गरिबी नव्हतीच, ती मी रचली, त्यांचे वडील तिथे पाच पावलांवर चहा पिताहेत. मी म्हणालो, "जाऊ द्या हो." जाऊ द्या म्हणणाऱ्याविषयी लोकांना फार आदर वाटतो. मला तो लाभला.

घरी येऊन सगळं सुमनला सांगितलं. अर्थात हेडमास्तर वगळून.

ती म्हणाली, "मग ती वाईट काय बोलली?"

"अगं, सगळ्यांसमोर बोलली."

"तुम्ही कुठे बोलला होतात? तिच्या कानात?"

मी म्हणालो, "मी तिचा परिचय करून देत होतो."

"तिनेही तुमचा करून दिला," सुमन म्हणाली आणि पंखा बंद करायला उठली. आमच्याकडे वाद संपल्याची ती घंटा आहे.

पुढच्या वर्षी मी तब्येतीचं कारण सांगून समिती सोडली. तब्येत उत्तम होती. मनात असं होतं, की चार जण घरी येतील, आग्रह करतील. कुणी आलं नाही. बापटांना एकट्याने ते झेपेना आणि व्याख्यानमाला बंद पडली. ती बंद का पडली, याचं उत्तर भागात तयार होतं: त्या मेश्रामबाई बोलल्या, परचुरे दुखावले, चांगलं चाललेलं काम गेलं. एका रुसलेल्या म्हाताऱ्यामुळे व्याख्यानमाला बंद पडली, असं कुणी म्हणालं नाही. मीही सुचवलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. अधूनमधून दुसऱ्या ठिकाणचे संयोजक मला फोन करायचे, अमक्या विषयाला वक्ता कोण बोलवावा म्हणून. एकाने विचारलं, "पाणीप्रश्नावर मेश्राम मॅडम कशा बोलतात?" मी म्हणालो, "हुशार आहेत. पण..." आणि थांबलो. कुठे थांबलं म्हणजे श्रोता उरलेलं वाक्य स्वतः पूर्ण करतो, हे मला धंद्याने शिकवलं होतं. समोरच्याने पूर्ण केलं. म्हणाला, "समजलो सर." असं एकदाच झालं असतं, तर मी हा लेख जमीनदारांच्या किश्श्यावर संपवला असता. मेश्राम बाई बोलायला तिखट आहेत, कार्यक्रम बिघडवतात, असं शहरात हळूहळू पसरलं. त्यांना बोलावणं थांबलं. एका बाईने सभ्यपणे केलेली चार-पाच वाक्यांची दुरुस्ती मी न ओरडता, न भांडता, नुसत्या विरामांनी महाग करून ठेवली.

आता समितीतल्या त्या प्रश्नाविषयी. पाठीशी उभ्या राहणाऱ्याला त्याच्या सोयी दाखवल्या की तो दुरावतो का? माझ्या अनुभवावरून सांगतो, दुरावतो. मी दुरावलो. मनाला लागतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर, हाही विचार मी पुष्कळ केला. बाजूला घेऊन वडिलांनी सांगितलंच होतं की. त्याचं मी काय केलं, ते वर आलं आहे. तेव्हा सांगण्याची पद्धत चुकली, असं मला म्हणता येत नाही. पाठीशी उभं राहण्याबद्दल मला टाळ्या हव्या होत्या, आणि त्या दिवशी टाळ्यांऐवजी दुरुस्ती मिळाली.

दुसऱ्या बाजूचाही एक नमुना पाहिला. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात तरुण मुलांची चर्चा ऐकायला गेलो होतो. विषय होता वसतिगृहातल्या जागांचा. पण प्रत्येक जण उठून आधी "आय अ‍ॅम व्हेरी अवेअर ऑफ माय प्रिव्हिलेज" म्हणून आपल्या सवलतींची यादी सांगायचा: आईवडील शिकलेले, घर स्वतःचं, वगैरे. ऐकताना सगळे माना डोलवत होते. वेळ संपली. वसतिगृहाच्या जागा होत्या तिथेच राहिल्या. मला तेव्हा फार हसू आलं होतं. हे हसू लक्षात ठेवा.

या वर्षी आमची बंद पडलेली व्याख्यानमाला एका तरुण विश्वस्ताने पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि मला फोन केला. पाण्यावर कोण बोलेल, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "अश्विनी मेश्राम."

तो चाचरला. "सर, पण त्यांचं आणि तुमचं... म्हणजे तुम्हाला चालेल का?"

मला चालेल का, यावर त्यांचं नाव इतकी वर्षं अडकलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, हेडमास्तरांसकट. तो म्हणाला, "सर, हे आधी सांगायला हवं होतं ना." मी म्हणालो, "हो." माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

मग मेश्रामांना फोन केला. नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो सर, ओळखलं. तुमची तब्येत बिघडली होती ना?"

"बिघडली नव्हती."

"मला वाटलंच."

मी माफी मागितली. कंदिलाची, गरिबीची, त्या "पण"ची. "पण"चं त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांच्या आवाजातली थट्टा गेली. म्हणाल्या, "सर, मला वाटायचं मी भाषणात कमी पडते. मी दोन वर्षं बोलण्याचा क्लास लावला होता."



मग त्याच पुढे म्हणाल्या, "त्यांनी बोलावलं तर मी येईन. ओळख मी पाठवते तीच वाचायची, एवढं सांगा. आणि आम्ही इथे वारज्यात सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याला एक कार्यक्रम करतो. या रविवारी पाण्यावरच आहे. तुम्ही या. वेळ बघायला माणूस हवाय. तुमच्या दोन ओळी पाठवा, ओळखीसाठी."

मी दोन ओळी लिहायला बसलो आणि पान भरलं. "अत्यंत अनुकूल परिस्थितीत वाढलेले, ज्यांच्या आड कधी काही आलं नाही, ज्यांना प्रत्येक दार उघडं मिळालं..." वाचताना माझा मलाच गहिवर आला. सुमनला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. शाल कोण देणार?" मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि पान पाठवून दिलं.

संध्याकाळी मेश्रामांचा फोन. "सर, वाचलं. मनापासून लिहिलंय. पण यात पुन्हा सगळीकडे तुम्हीच आहात. रविवारी पाणी आहे."

महाविद्यालयातल्या पोरांना हसलो होतो, ते हसू मला तिथे परत मिळालं.

रविवारी गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खेळायला आलेली मुलं, बाहेर उभा असलेला टँकर. सूत्रसंचालन मेश्रामच करत होत्या. माझी ओळख त्यांनी अशी करून दिली, "श्री. परचुरे. चाळीस वर्षं सूत्रसंचालन केलंय. आज घंटा त्यांच्याकडे आहे." मग पहिल्या वक्त्याला सुरुवात करायला सांगून त्या स्वतः खाली बसल्या. मला पुढचं वाक्य जुळवायचं नव्हतं, त्यामुळे मी ऐकू लागलो. नंतर त्या बोलायला उठल्या. म्हणाल्या, टाकीजवळच्या घराला नळ सोडला की पाणी येतं, म्हणून त्याला वाटतं पाणी असंच येतं. यात त्या घराची काही चूक नाही. पण टोकाच्या घराने प्रेशर नाही म्हटलं, तर तो टाकीजवळच्या घराचा अपमान नसतो, ती माहिती असते. त्या नळाविषयीच बोलत होत्या. मी मात्र मान इतकी हलवली, की शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. केस पार पिकले होते. हेडमास्तर.

मी त्यांच्याकडे झुकलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, आणि मी कुणाला बोललो नाही. तुमच्या घरी गरिबी नव्हती. दोन वर्तमानपत्रं यायची."

"तीन जी," ते म्हणाले. "रविवारी इंग्रजी पण यायचा."

मी म्हटलं, "तीन. माफ करा." आणि पुढे बोलतच राहिलो. माझ्या मनात काय होतं, मला किती लागलं होतं, मग किती वर्षं झोप लागली नाही. ते ऐकून घेत होते, नजर मात्र समोर मुलीवर. अखेर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "तिची वेळ झाली. घंटी वाजवा."

मी समोर पाहिलं. मेश्राम बोलणं आटोपतं घेत माझ्याकडेच पाहत होत्या. मी घंटा वाजवली. त्या थांबल्या. मीही.